भूक आठवी पास

पोट हा विषय आठवीनंतर ऐच्छिक होतो. आहारशास्त्राच्या पुस्तकात हा शोध सापडणार नाही, सरकारी दप्तरात सापडेल. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना, म्हणजे तुमच्या-आमच्या भाषेत शाळेतली खिचडी, सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच शिजते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. पोर वाढते तसा तांदूळ वाढतो, इथवर गणित चोख. या चढत्या भाजणीने नववीला 200 ग्रॅम यायला हवे. उत्तर येते शून्य.

पाचवी ते दहावीचे वर्ग असलेल्या कुठल्याही अनुदानित शाळेत मधल्या सुट्टीत जाऊन बघा. व्हरांड्यात आठवीपर्यंतची रांग, हातात ताटल्या, मावशींच्या हातात वगराळे आणि पातेल्यात मूगडाळीची वाफाळती खिचडी. नववीची पोरे नळापाशी पाणी पिताना दिसतील. गेल्या वर्षी हीच पोरे याच रांगेत होती. मावशींना राहवले नाही आणि एखाद्याच्या ताटलीत त्यांनी वगराळे उलटे केले, तर जेवणारी तोंडे आणि रजिस्टरातला आकडा जुळत नाही. मग मुख्याध्यापकांची दुपार खुलासा लिहिण्यात जाते. हिशेब सांभाळणाऱ्या या मावशींना मानधन महिना अडीच हजार. त्यात केंद्राने धरलेले 1,000 रुपये 2009 पासून तसेच आहेत. महागाईसुद्धा आठवी पास होऊन घरी बसली असावी.

याचे कारण विचारायला आम्ही एका काल्पनिक साहेबांना गाठले. खरे साहेब मीटिंगमध्ये होते.

“साहेब, नववीच्या मुलांना भूक लागत नाही का?”

“लागत असेल, पण ती योजनेत बसत नाही. शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयाचा. पुढे पालक बघतील.”

“पालक चाकणला पहिल्या पाळीला गेलेत.”

“मग लोकसहभाग!”

हा लोकसहभाग फार गुणी आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने मुलांना आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्याला केळे. अंड्यामागे पाच रुपये धरले. जानेवारी 2025 मध्ये हात आखडला: अंडी हवीत तर लोकसहभागातून आणा आणि नाचणी सत्त्व, खीर यांची साखरही त्यातूनच. म्हणजे खीर शासनाची, गोडी लोकांची. अंड्यांची जाहिरात आणि दर ठरवणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती पुण्यातच आहे, हा निव्वळ योगायोग.

खर्च परवडत नाही म्हणतात. तांदूळ वेगळा मिळतो. डाळ, तेल, भाजी, इंधन यांसाठी मे 2025 पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे, वरच्या वर्गांना 10 रुपये 17 पैसे. चाकणच्या तळेगाव चौकात या पैशांत चहा मिळतो, तोही कटिंग. आणि पिंपरी-चिंचवड महापालिका स्वतःला आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणवून घेण्यात आजवर कधी लाजलेली नाही. एवढ्या श्रीमंतीला नववी-दहावीचे ताट जड व्हावे, म्हणजे घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असला काही प्रकार असणार. घोडे मात्र उद्घाटनांचे.

आता याच पट्ट्यातला दुसरा कायदा बघा. 1948च्या कारखाने कायद्याने 250हून अधिक कामगारांच्या कारखान्याला कॅन्टीन सक्तीचे केले. नव्या कामगार संहितेत तो आकडा 100 वर आला. चांगलेच झाले, उपाशी माणसाच्या हातून बोल्ट सैल राहतो, हे भोसरीपासून महाळुंग्यापर्यंत कुणीही सांगेल. उपाशी मुलाच्या हातून प्रमेय सैल राहते, हे मात्र अजून कुणाच्या क्वालिटी रिपोर्टात आलेले नाही. शंभर कामगार जमले की कॅन्टीन, नववीची शंभर पोरे जमली की फक्त हजेरी.

आणखी एक मेळ जमलाय. बालकामगार कायद्यात 2016च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. चौदा पूर्ण झाली की धोक्याचे नसलेले काम चालते. म्हणजे शाळेने ताटली काढून घ्यायची आणि कामाचे दार किलकिले व्हायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वयात. ‘गळती का होते’ यावर कार्यशाळा घेणाऱ्यांनी चहा-बिस्किटांच्या मध्यंतरात यावर जरूर विचार करावा.

हे जगावेगळे मागणे नाही. तमिळनाडूत दुपारचे जेवण दहावीपर्यंत मिळते, अंडी आठवड्याला पाच, शिवाय 2022 पासून प्राथमिकच्या मुलांना सकाळची न्याहारीही. आंध्रने जानेवारी 2025 पासून सरकारी ज्युनिअर कॉलेजांतही ताट मांडले. तिथली मुले जास्त खादाड असल्याचा अहवाल आमच्या पाहण्यात नाही.

तेव्हा मागणी सरळ आहे. खिचडी दहावीपर्यंत न्या, अंड्याचे आणि साखरेचे पैसे पुन्हा अर्थसंकल्पात घाला, मावशींचे मानधन वाढवा. आणि वाचकहो, तुमच्या दारी हात जोडून जो कोणी मत मागायला येईल, मग तो प्रभागातला असो की खेड तालुक्यातला, त्याला चहा पाजण्याआधी एवढेच विचारा: नववीच्या पोराचे जेवण कुठे आहे?