गैरहजेरीचे वतन

राजमान्य राजेश्री, प्रीमियर लीगमधील समस्त फुटबॉल क्लबांचे मालक, संचालक व तिकीट-कचेऱ्यांचे कारभारी यांसी, पोटापाण्यासाठी लंडनात येऊन स्थिरावलेल्या एका मराठी प्रेक्षकाचे कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, हंगामी तिकीटधारकास एखाद्या सामन्याला येणे न जमल्यास त्याची खुर्ची त्या दिवसापुरती दुसऱ्यास विकता यावी, म्हणून आपण ‘तिकीट एक्स्चेंज’ नावाची जी व्यवस्था चालविली आहे, तिचे यथोचित गुणगान आपल्या देशात अद्याप कोणी केलेले माझ्या पाहण्यात नाही. समर्थकांच्या संघटना तर उलट तक्रारींचे कागद घेऊनच आपल्या दारी उभ्या असतात. हा अन्याय अंशतः तरी दूर व्हावा, आणि साधल्यास त्या व्यवस्थेच्या विस्ताराची एक योजना आपल्या दप्तरी रुजू करावी, एवढ्यासाठीच ही लेखणी उचलली आहे.

ज्या मुलखात वतनाच्या एका आण्यासाठी भाऊबंदांनी तीन-तीन पिढ्या कज्जे चालविले, त्या मुलखातून आलेल्या माणसास आपला हा कारभार मुळीच परका वाटत नाही. हंगामी तिकीट हे वतनच होय. त्याचा धारक दरवर्षी पुढील हंगामाची रक्कम आगाऊ भरतो, लीगच्या 19 घरच्या सामन्यांसाठी तीच रांग, तोच जिना आणि तोच सदा कुरकुरणारा शेजारी यांवरील आपला हक्क कायम राखतो, आणि प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या सहस्रावधी उपऱ्यांकडे मिरासदाराच्या तृप्त दृष्टीने पाहतो. आमच्याकडे वतन विकावयाचे झाल्यास सरकारची संमती लागे, संमतीसाठी नजर भरावी लागे, आणि सेवेत कसूर झाल्यास वतन जप्त होई. आपल्या नियमावलीत हे तिन्ही प्रकार मला ओळीने आढळले, तेव्हा पेशव्यांचे दप्तर पुण्याहून उत्तर लंडनात केव्हा हलविले गेले, याचा मी क्षणभर विचारच करीत राहिलो.

या एक्स्चेंजच्या इमारतीचा पाया मात्र थट्टेचा विषय नाही. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफ. ए. कपच्या उपान्त्य सामन्यात जी चेंगराचेंगरी झाली, तिने अखेर 97 माणसांचा बळी घेतला. आणि त्याबद्दल प्रेक्षकांच्याच माथी वर्षानुवर्षे मारलेला दोष निराधार होता, हे न्यायासनासमोर ठरण्यास 2016 चा ज्यूरीचा निर्णय यावा लागला. त्या दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या लॉर्ड जस्टिस टेलर यांनी जानेवारी 1990 च्या अंतिम अहवालात, प्रत्येक प्रेक्षकास बसावयास आसन असावे येथपासून तो तिकिटांचा काळाबाजार हा गुन्हा ठरवावा येथपर्यंत अनेक शिफारशी केल्या. मैदानाबाहेर कोणीही कोणाकडूनही तिकीट घेऊन वाटेल तेथे बसू लागला, तर दोन्ही पक्षांचे समर्थक परस्परांपासून दूर ठेवण्याची सारी तजवीज फोल ठरते, हा या शेवटच्या शिफारशीमागील सरळ विचार होता. 1994 च्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याच्या 166 व्या कलमाने त्याला कायद्याचे रूप दिले आणि 2006 मध्ये इंटरनेटवरील व्यवहारही त्याच्या कक्षेत ओढले गेले. तेव्हापासून अधिकाराविना फुटबॉलचे तिकीट विकणे हा गुन्हा आहे, मग ते दर्शनी किमतीस विका अथवा पदरचे चार पौंड गमावून विका. (तोच मनुष्य ट्विकनहॅमला रग्बीचे तिकीट विकू लागला, तर या कलमास त्याच्याशी काही कर्तव्य नाही, रग्बीच्या प्रेक्षकाची सभ्यता संसदेने गृहीत धरलेली दिसते.)

सामन्याच्या आयोजकाने लेखी अधिकार दिला की हीच कृती तत्क्षणी निर्दोष होते. हा अधिकार कोणास बहाल करावा, हे ठरविणारे आपण. आणि तो स्वतःसच बहाल करावा, या निष्कर्षाप्रत आपल्यापैकी बहुतेक यथावकाश आले, यात नवल नाही. स्टेशनपासून मैदानापर्यंतच्या रस्त्यावर हलक्या आवाजात भाव सांगत उभा राहणारा दलाल हुसकून लावला गेला, हे उत्तमच झाले. त्याच्या धंद्याची मोकळी झालेली गादी झाडूनपुसून तिजवर आपण स्वतः विराजमान झालात, हे त्याहूनही व्यवहारचातुर्याचे झाले.

प्रारंभी आपणास या गादीवर बसण्याचा संकोच होता, हे नमूद केले पाहिजे. म्हणून 2006 मध्ये मँचेस्टर युनायटेड व चेल्सी यांनी वायागोगो या तिकीट-फेरविक्रीच्या नव्या कंपनीस आपला मुतालिक नेमले, आणि 2013 मध्ये टॉटेनहॅमने ती सनद स्टबहब या तशाच कंपनीस दिली. टॉटेनहॅमच्या बाबतीत तर विक्रेत्यास दर्शनी किमतीहून अधिक भाव लावण्याची मुभा मिळाली, म्हणजे ज्या कृतीसाठी रस्त्यावरील माणसास पोलीस धरीत, तीच क्लबच्या शिक्क्याने प्रतिष्ठित ठरली. तेथील समर्थकांनी त्याविरुद्ध दीर्घ काळ चळवळ केली, आणि नव्या स्टेडियमात गेल्यावर क्लबने फेरविक्री स्वतःच्या हाती घेतली, याबद्दल दोन्ही पक्षांचे अभिनंदन करणे मला प्राप्त आहे. चेल्सीच्या समर्थकांचे दैव मात्र निराळे. त्यांच्या ट्रस्टला 2025 मध्ये प्रीमियर लीगकडे लेखी दाद मागावी लागली, कारण क्लबचे सहमालक टॉड बोली यांचे ज्या विविड सीट्स या अमेरिकन कंपनीत भागभांडवल व संचालकपद होते, तिच्याकडे त्यांच्याच क्लबच्या सामन्यांची तिकिटे दर्शनी किमतीच्या कितीतरी वर विकावयास होती. आणि त्या कंपनीचे नाव लीगने स्वतः प्रसिद्ध केलेल्या अनधिकृत विक्रेत्यांच्या यादीत होते. एकाच गृहस्थाने दोन्ही दारांशी उभे राहावे, ही सोय आमच्याकडील कोणत्याही देशमुखास कधी सुचली नाही.

परंतु हे सारे अपवाद झाले. माझ्या आदराचा खरा विषय आहे तो दर्शनी किमतीस चालणारा, स्वच्छ, सोज्वळ, क्लबचा घरचा एक्स्चेंज. त्याचे गणित ज्याने प्रथम मांडले, त्या अनामिक कारकुनाचा पुतळा कोठे तरी उभारला जावा.

समजा, एका वतनदाराने 950 पौंड भरून हंगामी तिकीट घेतले आहे. 19 सामन्यांत वाटणी केली असता एका सामन्याचे 50 पौंड होतात. एका रविवारी त्याच्या पुतणीचे लग्न निघाले. तो आपली खुर्ची एक्स्चेंजवर ठेवतो. ती तेथे नुसती ठेवली म्हणजे विकली जाते, असा त्याचा भोळा समज असतो. कित्येक क्लबांत आधी क्लबची स्वतःची सर्व तिकिटे संपली पाहिजेत, मगच वतनदारांची खुर्ची बाजारात येते, आणि ती विकली गेली नाही तर 50 पौंड त्याचेच बुडाले. विकली गेलीच, तर ती 50 पौंडांस जात नाही. ती त्या सामन्याच्या सुट्या तिकिटाच्या दराने जाते, आणि प्रतिस्पर्धी नावाजलेला असल्यास तो दर, समजा, 80 पौंड असतो. वतनदाराच्या खाती जमा होतात त्याचे 50, तेही पुष्कळदा रोख हाती न पडता पुढील वर्षाच्या नूतनीकरणातून वळते होण्यासाठी. वरचे 30 क्लबकडे राहतात. शिवाय खरेदी करणाऱ्याकडून आरक्षण-शुल्क, आणि त्याही आधी, खरेदी करण्याची पात्रता यावी म्हणून, सभासदत्वाची वार्षिक वर्गणी. नाताळच्या सुटीत पुण्याहून आलेल्या भाच्याने ‘एकदा तरी प्रत्यक्ष सामना दाखवा’ असा हट्ट धरला असता आमच्यासारख्या यजमानास प्रथम त्याला एका क्लबचा निष्ठावंत सभासद करून घ्यावे लागते, आणि ती निष्ठा वर्षभर शाबूत राहते, भाचा मात्र दहा दिवसांत परत जातो.

एकच खुर्ची, एकच दिवस, आणि विक्री दोनदा. पहिली निष्ठेच्या दराने आणि दुसरी निकडीच्या. या व्यवहारात कोणाची फसवणूक झाली, असे मी म्हणत नाही. विक्रेत्याला काहीच न मिळण्याऐवजी काही मिळाले, खरेदी करणाऱ्याला रस्त्यावरील लुटारूपेक्षा पुष्कळ स्वस्त आणि खात्रीचे तिकीट मिळाले, आणि दूरचित्रवाणीवर रिकाम्या खुर्च्यांचे पट्टे दिसले नाहीत. हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारणारा मनुष्य कधी बनावट तिकीट हातात घेऊन फाटकापाशी उभा राहिलेला नसावा. माझे म्हणणे इतकेच की, ज्या व्यवहारात निव्वळ नफा क्लबचा असतो, त्याची जाहिरात करताना आपण ‘समर्थकांच्या सोयीसाठी’ हे शब्द ज्या गहिवराने लिहिता, तो गहिवर थोडा आवरता घ्यावा. जागतिक फुटबॉलच्या दरबारी तेवढी तसदीही आता कोणी घेत नाही. 2026 च्या विश्वचषकासाठी फिफाने जो फेरविक्रीचा बाजार मांडला, तेथे विक्रेत्याकडून शेकडा 15 आणि खरेदीदाराकडूनही शेकडा 15 घेण्याचा शिरस्ता ठेवला, आणि अमेरिकेत तर दर्शनी किमतीचे बंधनही ठेवले नाही. त्या मानाने आपण सत्पुरुष आहात, हे मी शपथेवर सांगेन.

आता गैरहजेरीकडे वळतो, कारण योजनेचा गाभा तेथे आहे. पूर्वी वतनदारास येणे न जमले, तर तो प्लास्टिकचे कार्ड शेजारच्या मुलाच्या हाती देई, आणि तो मुलगा पुढे चाळीस वर्षे त्या क्लबचा होऊन राही. या परस्पर दानधर्माची नोंद कोठेच होत नसे, हा त्यातील दोष. आता तिकीट मोबाइलमध्ये शिरले आहे. ज्यास ते द्यावयाचे, त्याचे नाव आधी आपल्या दप्तरी लागलेले असावे लागते, आणि पुष्कळ ठिकाणी तोही सभासद असावा लागतो. जोडीला अलीकडे कित्येक क्लबांनी असा दंडक घातला आहे की, हंगामात ठरावीक संख्येहून अधिक सामन्यांस खुर्ची रिकामी राहिल्यास नूतनीकरण नाकारले जाईल. प्रतीक्षायादीतील माणसांचा विचार करता हा दंडक न्याय्य आहे. पण गैरहजेरीच्या कारणांचाही विचार कोणी तरी करावा. वतनदार पैसे भरतो त्या वेळी कार्यक्रमपत्रिका जन्मासही आलेली नसते. ती जूनमध्ये निघते, त्यानंतर दूरचित्रवाणीच्या कंपन्या तीत आपापली बोटे घालतात, आणि शनिवारी दुपारी तीनला ठरलेला सामना रविवारी भर दुपारी किंवा सोमवारी रात्री जाऊन पडतो. लांबच्या गावाहून येणाऱ्या म्हाताऱ्यास सोमवारी रात्री परतीची शेवटची गाडी मिळत नाही. म्हणून तो येत नाही. म्हणून त्याची खुर्ची एक्स्चेंजवर येते. म्हणून ती 50 ऐवजी 80 पौंडांस जाते. सामना हलविल्याचे मोल दूरचित्रवाणीने दिले ते दिलेच, वर त्यामुळे मोकळ्या झालेल्या खुर्चीचेही मोल आले. इतका निर्दोष महसूल मला अन्य कोठे आढळलेला नाही.

यावरून, महाराज, एक गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ होते. 19 पैकी 19 सामन्यांस येणारा, घसा बसेपर्यंत ओरडणारा, मध्यंतरात घरून आणलेले सँडविच खाणारा समर्थक आपणास एकदाच पैसे देतो. त्याच्यापासून होणारे उत्पन्न त्या क्षणी संपले. उलट पैसे भरून न येणारा समर्थक जितक्या वेळा येत नाही, तितक्या वेळा आपली भरभराट करतो. त्याच्या जागी येणारा पाहुणा दुकानातून मफलर घेतो, छायाचित्रे काढतो आणि हरल्यावर कोणासही शिव्या देत नाही. तेव्हा अनुपस्थितीस शिक्षा करण्याचे जुने धोरण सोडून तिला राजाश्रय द्यावा.

माझी योजना अशी. प्रत्येक क्लबने ‘गैरहजेरीचे वतन’ या नावाची नवी तिकिटे काढावीत. ती घेणाऱ्याने हंगामाच्या आरंभी प्रतिज्ञालेखावर लिहून द्यावे की, आपण एकाही सामन्यास येणार नाही. त्याची खुर्ची क्लबने 19 वेळा विकावी, त्याचे मूळ पैसे त्याच्या खाती जमा करावेत, आणि ते पुढील हंगामाच्या नूतनीकरणात वळते करावेत, ज्या हंगामासही तो अर्थात येणार नाही. रक्कम एकदा आत आली की बाहेर जाण्याचा प्रश्न उरत नाही. अशा वतनदारास निष्ठेचे गुण अधिक द्यावेत, कारण न येता प्रेम करणे ही भक्तीची वरची पायरी होय. एखादा प्रतिज्ञा मोडून चोरून सामना पाहताना सापडला, तर त्याचे वतन तत्काळ खालसा करावे.

आणखी एक पोटकलम सुचवितो. 6 फेब्रुवारी 2016 रोजी लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड मैदानावर सुमारे दहा हजार प्रेक्षक 77 व्या मिनिटाला उठून चालते झाले, कारण क्लबने सर्वांत महाग तिकीट 77 पौंडांचे करण्याचे जाहीर केले होते. लिव्हरपूल त्या वेळी 2-0 ने पुढे होते; सामना 2-2 असा सुटला, आणि काही दिवसांत मालकांनी क्षमा मागून दरवाढ मागे घेतली. या प्रसंगाचा सारेजण समर्थकांचा विजय म्हणून उल्लेख करतात. महसुलाच्या दृष्टीने पाहणारा मात्र हळहळेल. दहा हजार खुर्च्या, प्रत्येकी 13 मिनिटे आणि अधिक वेळ निराळा, फाटकाबाहेर आशाळभूत उभ्या असलेल्या उपऱ्यांना त्याच क्षणी विकता आल्या असत्या. दोन गोल तर त्यांच्याच वाट्याला आले असते. मिनिटवार फेरविक्रीची तरतूद तेव्हा नव्हती. ती आता व्हावी.

या पत्राचे उत्तर देण्यास हुजुरांस सवड नसल्यास ती जबाबदारी रीतसर अन्य कोणास विकण्यास माझी हरकत नाही. आरक्षण-शुल्क मात्र त्याच्याकडूनच वसूल करावे. बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा, ही विनंती.