काका, गाणं नका ऐकू

दाराच्या पाटीवर आडनाव वेगळं आहे, पण इमारतीत त्याला सगळे धमधमे म्हणतात. वॉचमनसुद्धा खालून ओरडतो, "धमधमेसाहेब, पार्सल!" पार्सल चपलेच्या खोक्याहून लहान असलं तर त्यात इअरफोन असतात, मोठं असलं तर हेडफोन. तिसरी शक्यता गेल्या चार वर्षांत उद्भवलेली नाही. वय ३४, नोकरी विम्याच्या कचेरीत, मुक्काम डोंबिवली आणि आयुष्याकडे तक्रार एकच: "बेस कमी येतोय."

या पंथाची माणसं तुम्ही पाहिलेली आहेत. लोकलच्या दाराशी डोळे मिटून, खालचा ओठ पुढे काढून, कोंबडीसारखी मान आतबाहेर करत जो उभा असतो तो यांच्यातलाच. पण बाकीचे विकत मिळेल तेवढ्या बेसवर भागवतात. धमधमे प्रयोग करतो.

माझी दीक्षा जिन्यात झाली. मी दुधाची पिशवी घेऊन वर चढत होतो. "काका, एक मिनिट," म्हणत त्याने स्वतःच्या कानातला, अजून कोमट असलेला इअरफोन माझ्या कानात खुपसला. "ऐका हं... थांबा... आता येतो... आला?"

मला कुणी एक बाई गाताना ऐकू येत होती. आवाज गोड होता. "छान गाते की," मी म्हणालो, "कोण आहे?"

त्याचा चेहरा पडला. जत्रेत हौसेने आकाशपाळणा दाखवायला न्यावं आणि पाहुण्याने भज्यांची गाडी कुठे म्हणून विचारावं, तसा.

"काका, गाणं नका ऐकू. गाण्याच्या खाली ऐका."

गाण्याच्या खालीही काही असतं हे मला साठी उलटल्यावर कळलं. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज कळतो म्हणतात. त्यातलं तळाचं शेदीडशे हर्ट्झ एवढंच धमधमेचं संस्थान. वरचा सगळा मुलूख त्याने गायक, व्हायोलिनवाले आणि माझ्यासारखी माणसं यांना इनाम देऊन टाकलेला आहे.

त्याच्या शास्त्रातलं पहिलं कलम म्हणजे सील. हे त्याने मला पंक्चरच्या भाषेत समजावलं. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट हवेत साडेआठ मीटर लांब असते. म्हणजे त्यांच्या हॉलच्या दारातून निघाली तर स्वयंपाकघर ओलांडून शेजाऱ्यांच्या बेसिनपाशी संपेल. ती कानात मावणार कशी? मावतच नाही. इअरफोनची दहा मिलिमीटरची चकती कानातल्या इवल्याशा हवेचा दाब फक्त वरखाली करते आणि तोच आपल्याला बेस म्हणून कळतो. कानाला जरा फट राहिली की दाब निसटला आणि बेस गेला. म्हणून तो रबरी टोप्या काढून फोमच्या घालतो. त्या चिमटीत वळायच्या, कान वर ओढून आत सरकवायच्या आणि फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. तोवर तो मौनात असतो. नंतरही असतो, कारण आता त्याला दाराची बेल, कुकरच्या शिट्ट्या आणि आई यांपैकी काहीच ऐकू येत नाही. कुकर दोनदा करपला आहे.

दुसरं कलम भोकांचं. इअरफोनला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात हे मला ठाऊक नव्हतं. कानाकडच्या भोकावर चिकटपट्टी लावली की बेस वाढतो आणि पाठीमागचं बुजवलं की उलट कमी होतो. धमधमेने पहिल्या प्रयोगात दोन्ही बुजवली. मग पाठीमागचं मोकळं करायला टाचणी घेतली. टाचणी जरा खोल गेली आणि तो इअरफोन भोकांच्या विवंचनेतून कायमचा सुटला. जेवणाच्या टेबलावर अशा बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या आहेत. ब्लेड, चिमटा, कापूस, सर्जिकल टेप आणि पलीकडे झाकून ठेवलेली पोळ्यांची चळत.

त्यातल्या एका शस्त्रक्रियेला मी हजर होतो. जॅकपाशी तार तुटली होती. इअरफोनची तार केसासारखी असते, तिच्यावर रंगीत लाखेचा थर असतो आणि तो जाळल्याशिवाय डाख धरत नाही. लायटर संपला होता. धमधमेने इकडेतिकडे पाहिलं, आई आत असल्याची खात्री केली आणि देवापुढचं निरांजन टेबलावर आणलं. तारा जळल्या, डाख बसला, निरांजन परत देवापाशी गेलं. मग त्याने इअरफोन कानात घातला आणि एकदम गोरामोरा झाला. मलाही ऐकवलं. मागे व्हायोलिनं वाजत होती, घुमारा होता, झांजा होत्या. गायक मात्र बेपत्ता. लग्नातून नवरानवरी पळून जावीत आणि वऱ्हाड जेवत बसावं, तसं ते गाणं चाललं होतं. डाव्याउजव्या दोन्ही बाजूंची मिळून परतीची जी एक तार असते, तिचा डाख बसलाच नव्हता. मग दोन्हीकडे जे सारखं असतं ते एकमेकांना खोडतं आणि गायक आणि बेस हे दोघेही नेमके मधोमध बसवलेले असतात.

"बेस गेला, काका," तो म्हणाला.

"अरे, गायकही गेलाय."

"तो जाऊ दे हो."

नवा हेडफोन आला की तो मुरवायचा असतो. शंभर तास आवाज सोडून ठेवला की पडदा सैल पडतो आणि बेस उतरतो, अशी या मंडळींची श्रद्धा. मला विचाराल तर मुरतो तो हेडफोन नव्हे, कान. पण लोणच्याच्या बाबतीत जे वाद घालत नाहीत त्यांनी इथेही घालू नये. धमधमे हेडफोन टॉवेलात गुंडाळून खणात ठेवतो. त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, एका रात्री खणातून येणारी घरघर ऐकली आणि उंदीर समजून सकाळी पिंजरा आणला.

शनिवारी स्वारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरते आणि लॅमिंग्टन रोडवर जाते. तिथले दुकानदार त्याला ओळखतात. तो आत शिरला की नोकर महागाचे बॉक्स आधी मागे सरकवतात, कारण हा विकत घेण्याआधी चाळीस मिनिटं ऐकतो आणि ऐकून झाल्यावर भोकं मोजतो.

त्याला हसण्याचा अधिकार मला किती आहे, याबद्दल मी जरा साशंक आहे. सोनीचा वॉकमन १९७९ साली निघाला तेव्हा आमच्या चाळीत तो कुणाला परवडणार? पुढे कधीतरी मी भंगारातून मोटारीतला टेप आणि एक स्पीकर मिळवला. स्पीकर उघडा वाजवला की नुसता चिरकायचा. कुणीतरी सांगितलं, मडक्याच्या तोंडावर उपडा ठेव. ठेवला. आणि त्या मडक्यातून जो काही घुमला, तो आवाज मला आजही पोटात कळतो. उन्हाळ्याचे दिवस होते. आईने दोन दिवस मडकं शोधलं. तिसऱ्या दिवशी ते गाताना सापडलं. ही हकिगत मी धमधमेला एकदाच सांगितली. तेव्हापासून तो मला गुरुस्थानी मानतो आणि काकू मला चहा विचारत नाहीत.

गुरू म्हणून मी त्याला एकच उपदेश केला. त्याची नेहमीची पुरवणी तक्रार अशी, की बेस डावीकडे कमी येतो. गेल्या अठ्ठावीस इअरफोनांत डावीकडेच कमी. मी म्हटलं, "अरे, मग डावा उजव्या कानात घाल आणि उजवा डाव्यात. तरी डावीकडेच कमी आला तर इअरफोन सोड आणि कान दाखव." त्याला ते पटलं. अदलाबदल केली. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"तरी डावीकडेच कमी."

"मग?"

"गाण्याचं मिक्सिंगच तसं आहे, काका."

फोनमधल्या इक्वलायझरची ३२ आणि ६४ची दांडी त्याने मग छताला टेकवली. आवाज फाटला. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं होतं, की आवाज बारीक असला की कानाला खालचे सूर आधी कळेनासे होतात. त्यांचा हेतू शास्त्रीय होता. धमधमे तो निष्कर्ष आवाज मोठा करण्याचा परवाना म्हणून बाळगतो.

गुढीपाडव्याला फडके रोडवर शोभायात्रा असते. आम्ही दोघं कडेला उभे होतो. ढोलपथक समोर आलं, टिपरू पडलं आणि पायाखालचा रस्ता हलला. धमधमेच्या कानात तेव्हा काहीच नव्हतं. ओठ पुढे नाही, मान हलत नाही. त्याने फक्त तळहात छातीवर ठेवला होता. पथक पुढे गेल्यावर तो माझ्या कानाशी ओरडला, "हे असं यायला पाहिजे! इथे!" आणि छातीवर दोनदा थापटलं. परतताना बराच वेळ गप्प होता. कोपऱ्यावर म्हणाला, "हेडफोनला छातीच नाही हो." दुसऱ्या दिवशी पार्सल आलं, चपलेच्या खोक्याहून मोठं.

परवाच्या रविवारी पेपर मागायला गेलो तर घर शांत. मोठं पार्सलही मुरता मुरता बंद पडलं होतं. धमधमे सोफ्यावर हात जोडून बसला होता. गॅलरीत काकूंची भ्रामरी चालली होती. दोन्ही अंगठ्यांनी कान बंद, ओठ मिटलेले, भुंग्यासारखा लांब 'म्'. आटोपल्यावर त्या लेकाकडे बघत म्हणाल्या, "एवढं कानातच घुमवायचंय तर हे कर. पार्सल लागत नाही."

दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून असेल, त्याने अंगठे कानात घातले. दाबून, फट राहणार नाही असे. सील तपासलं. मग 'म्' केला. आधी भुवया वर गेल्या, मग खालचा ओठ हळूहळू पुढे आला आणि तिसऱ्या आवर्तनाला मान आतबाहेर सुरू झाली. मी आणि काकू श्वास धरून बघत राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"येतो," तो म्हणाला. "भरीव आहे. फक्त डावीकडे जरा कमी येतोय."