पुण्यनगरीचा परवाना

वसईच्या होळी भागातून ज्याचा पुत्र धर्मशास्त्राच्या अध्ययनार्थ रोमला रवाना झाला आहे, त्या पित्याची अशी दृढ श्रद्धा असते की चिरंजीव उतरताक्षणीच संत पेत्राच्या समाधीपुढे नतमस्तक झाले असतील. वस्तुतः चिरंजीव त्या समयी, हाती १६ युरोंचा मुद्रांक धरून, मुक्कामाच्या परवान्याचा अर्ज कामकाजाच्या ८ दिवसांच्या मुदतीत दाखल होतो की नाही या विवंचनेत टपाल कचेरीच्या रांगेत तिष्ठत असतात. व्याख्याने बहुधा इटालियन भाषेत. तेव्हा साक्षात्काराच्या अगोदर क्रियापदे चालवणे आले.

तरीही आजचा विद्यार्थी सुदैवीच म्हणायचा. गोव्याच्या दिवाडी बेटावरला मातेउस द कास्त्रो सतराव्या शतकात खुष्कीच्या मार्गाने रोमला पोहोचला, तेथे शिकून धर्मगुरू झाला आणि रोमच्या सनदा घेऊन स्वदेशी परतला, तो गोव्याच्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्या ग्राह्यच धरल्या नाहीत. प्रत्यक्ष स्वर्गातून आणलेला दस्तऐवजदेखील स्थानिक दप्तराच्या शिक्क्यावाचून बाद, हा कचेऱ्यांचा दंडक तेव्हाही होता! अखेर १६३७ साली रोमनेच त्याला बिशप केले, आणि पुढे त्याने देह ठेवला तोही रोममध्येच.