आधी मोजा, मग भांडा

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा मोबाइल टॉवरवरून उधळली. समोरच्या गच्चीवर टॉवर उभा राहिलाय. पहिल्या मजल्यावरच्या काकू पोटतिडकीने विचारत होत्या, "घरात तान्हा नातू आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" मागे दोघे-तिघे हसले. मला त्यांचा राग आला. नातवाची काळजी वाटणं म्हणजे अडाणीपणा नव्हे. पण दोन तासांत एकानेही आकडा विचारला नाही, त्याचाही तितकाच राग आला.

आकडा आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरमागे ४.५ वॅट ही ती शिफारस, आपल्याकडे ०.४५. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी 'कर्करोगकारक असू शकतील' अशा गटात टाकल्या, कारण पुरावा तोकडा होता पण शंका फिटली नव्हती. पुढे त्याच संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

सभा संपल्यावर काकूंच्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं. पडद्यावर 'सार'चा आकडा आला, म्हणजे फोनच्या लहरींतली किती ऊर्जा शरीर शोषतं त्याचं माप. आपल्याकडे मर्यादा किलोला १.६ वॅट, काकूंचा फोन त्याच्या आत. टॉवर रस्त्यापलीकडे, फोन कानाला चिकटलेला. अंतर दुप्पट झालं की लहरींचा जोर चौथाईवर येतो, आणि अँटेनाचा झोत समोर जातो, त्यामुळे टॉवरच्या अगदी पायथ्याशी दिव्याखाली अंधार. रेंज कमी पडली की फोनच जास्त जोर लावतो. टॉवर हाकलून कानाशी जोर वाढवून घ्यायचा, हा कुठला शहाणपणा? लिफ्टमध्ये बोलणं टाळा, लांब गप्पा इअरफोनवर मारा. 'रेडिएशन शोषणारं' म्हणून फोनच्या पाठीवर चिकटवायचं स्टिकर विकणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

याचा अर्थ कंपन्यांवर डोळे मिटून विश्वास टाका, असा नाही. टॉवर नियमात असल्याचं प्रमाणपत्र कंपनी स्वतःच देते. सरकारी पथकं त्यातल्या दहा टक्क्यांपर्यंतच टॉवर तपासतात. बाकीच्यांचं काय? तरंग संचार हे सरकारी पोर्टल २०१७ पासून आहे, पण ते किती जणांना ठाऊक आहे? ज्या टॉवरखाली माणसं राहतात, त्याच्या फाटकावर मोजलेला आकडा मराठीत रंगवायला काय हरकत आहे? लोकांना माहिती द्यायची नाही आणि मग लोक घाबरले की हसायचं, हे बंद झालं पाहिजे.

त्या पोर्टलवरून ४,००० रुपये भरून कुठल्याही टॉवरची मोजणी मागता येते. आमच्या सोसायटीत ३२ घरं आहेत, म्हणजे घरामागे १२५ रुपये. पुढच्या सभेत काकूंनी हा ठराव मांडावा, मी अनुमोदन देतो. आकडा मर्यादेबाहेर निघाला, तर तक्रारीवर पहिली सही माझी.