पॉलिशची भाषा : नवशिक्यांसाठी पहिला हात

साहित्य : एक लाकडी कपाट, एक मिस्त्री आणि अंगी थोडा सोशिकपणा. ब्रश लागणार नाही. पॉलिश कसे करावे हे इथे शिकवलेले नाही. मिस्त्री बोलत असताना सगळे कळतेय असा चेहरा कसा ठेवावा, एवढेच शिकवले आहे.

"तीन हात पडतील" असे मिस्त्री म्हणाले की त्यांच्या हातांकडे पाहू नये. हात म्हणजे थर. दोन हातांच्या मधे घासाई असते. तिथे कागद कितीचा, असे जरूर विचारावे, वजन पडते. ऐंशी नंबरचा कागद खरखरीत, तीनशेवीसचा मऊ. घासायचे लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे घासलेले ओरखडे पॉलिश चढेपर्यंत दिसत नाहीत आणि चढल्यावर दुसरे काहीच दिसत नाही. 'लांबी' मोजायची नसते, भरायची असते. फटी आणि खिळ्यांची भोके तिनेच बुजतात.

'फ्रेंच पॉलिश' ऐकून पॅरिसची आठवण काढू नये. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे राळ सोडतात. ती शुद्ध करून झालेला चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापसाच्या पुरचुंडीने चोळत चोळत चढवायचा. या लाखेचा मोठा वाटा झारखंड-छत्तीसगडकडचा. चकाकी देखणी, पण स्वभाव हळवा. गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते आणि पेला कलंडला तर मद्यार्काने थरच विरघळू लागतो. घरात मैफली होत असतील तर हा पर्याय मिस्त्रींपुढे काढूच नये.

आता 'लॅकर'. इथे बहुतेक विद्यार्थी नापास होतात. जपानी लॅकर म्हणजे उरुशी, एका झाडाचा चीक. हे झाड आपल्या काजू-बिब्ब्याच्या कुळातले, त्यामुळे ओला चीक अंगावर बिब्ब्यासारखाच उततो. तो वाळतोही उलट्या रीतीने. त्याला दमट हवा लागते, म्हणून कारागीर वस्तू ओलसर कपाटात ठेवतात. आपल्या बाजारातले 'एनसी लॅकर' म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि त्याचे ओलाव्याशी उभे वैर. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि थर दुधट होतो. कोकणात जुलैमध्ये एनसी मारायला सांगणाऱ्या ग्राहकाला मिस्त्री नाही म्हणत नाहीत. नंतर "पांढरं पडलं" एवढेच म्हणतात.

याच नायट्रोसेल्युलोजचा एक रंग अमेरिकेच्या दुपाँ कंपनीने 'ड्यूको' नावाने विकला. जनरल मोटर्सने 1924 सालच्या ओकलंड मोटारींना तो लावला. आधीचे रंग वाळायला कित्येक दिवस घेत, हा तासांत वाळू लागला. मोटारींनी पुढे तो सोडला, पण नाव आपल्या फर्निचरवाल्यांकडे राहिले. आज लाकूड पूर्ण झाकणारा, गनने मारलेला कोणताही गुळगुळीत रंग म्हणजे 'डुको', मग डब्यात पीयू (पॉलियुरेथेन) का असेना. ही चूक दुरुस्त करायला जाऊ नये, कोटेशन वाढते.

मेलामाइन आणि पीयू यांत हार्डनर मिसळावा लागतो. मिसळल्यावर डब्यातच घड्याळ सुरू होते, म्हणून अशा वेळी मिस्त्रींना चहाला बोलावू नये. मेलामाइनच्या दिवशी डोळे चुरचुरतात, ते फॉर्माल्डिहाइडमुळे. बिल अजून यायचे असते.

'मॅट' मागितले आणि अर्धे कपाट चमकले, तर डबा ढवळलेला नव्हता असे समजावे. चमक घालवणारी सिलिकाची पूड तळाशी बसते.

शेवटी, जुन्या कपाटावर काय आहे हे ओळखण्याची परीक्षा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन घासावे. थर चिकट झाला तर लाख. नाही झाला तर एनसीचा थिनर लावावा. आता मऊ पडला तर एनसी, तरीही ढिम्म राहिला तर मेलामाइन, पीयू किंवा तसलेच काही. परीक्षा कपाटाच्या पाठीवर घ्यावी. दर्शनी दारावर घेतल्यास 'टचअप' हा आणखी एक शब्द शिकायला मिळतो; त्याचा दर निराळा असतो.