अंगणच वाकडं : चकचकीत फरशीवर कुत्रा पाळणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

जयपूरच्या जगतपुऱ्यात नोकरीने, बदलीने किंवा लेकाच्या आग्रहाने येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांसाठी. इतरांनी वाचायला हरकत नाही; चकचकीत फरशी आता सांगलीतही बसवून मिळते. पात्रता एवढीच : घरात एक कुत्रा हवा, आणि ‘याच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे’ असं घरातल्या निदान दोघांचं ठाम मत हवं. दुसरी अट बहुतेक घरं पहिल्याच आठवड्यात पूर्ण करतात.

पायरी १ : आधी फरशी ओळखा

कुत्रा आणताना माणसं त्याची जात विचारतात, लसी विचारतात, आईबापांची चौकशी करतात. ज्या जमिनीवर तो जन्म काढणार, तिची चौकशी कोणी करत नाही.

जगतपुऱ्यात ती फार गरजेची आहे. इकडे अजमेरच्या रस्त्याला किशनगढचा मार्बल बाजार, त्याच्या पलीकडे मकराना. त्यामुळे आपण पोह्यांवर कोथिंबीर घालावी तितक्या सहजपणे इथले बिल्डर मार्बल घालतात. ज्यांना तो परवडत नाही ते आरशासारख्या टाइल्स बसवतात. पाहुणा चपला काढतो न काढतो तोच घरमालक सांगतो, ‘खरा मकराना आहे, ताजमहालातलाच.’ ते खरंही आहे. फक्त ताजमहालात कोणाला रात्री उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं नव्हतं, हे सांगायचं राहून जातं.

चाचणी सोपी आहे. खाली बघा. छताचा पंखा फरशीत फिरताना दिसला, तर ती फरशी बघण्यासाठी आहे, चालण्यासाठी नाही. दिवाळीच्या तोंडावर घिसाई आणि पॉलिश करून घेतली असेल, तर पंख्याची पातीही मोजता येतील.

पायरी २ : आता कुत्रा ओळखा

बिस्किटाचा पुडा हातात घ्या, दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहा आणि कुत्र्याला हाक मारा. घाई करू नका, नीट बघा.

तो दारातल्या पायपुसण्यापर्यंत धावत येईल आणि तिथे ब्रेक लावेल. पुढचे दोन पाय पायपुसण्याच्या अगदी कडेला, मान शक्य तितकी लांब. मग एक पंजा फरशीवर टेकवेल. बोटं फाकलेली, नखं बाहेर, शेपूट खाली. पंजा मागे घेईल. नाक चाटेल. जांभई देईल. ही जांभई झोपेची नाही. नाक चाटणं आणि अवेळी जांभई ही ताणाची लक्षणं आहेत. त्याच्या भाषेत तो सांगतोय की मला बिस्कीट हवंय, पण मधे समुद्र आहे.

यापुढे कुत्र्यांचे तीन पंथ पडतात. पहिला भिंतवादी : भिंतीला खांदा घासत, कडेकडेने, चार हातांच्या अंतरासाठी सबंध खोलीची प्रदक्षिणा घालणारा. दुसरा बेटवादी : पायपुसण्यावरून सतरंजीवर, सतरंजीवरून सोफ्यावर उड्या मारणारा. तिसरा पाठमोरा : दारात गर्रकन वळून, शेपूट पुढे करून, उलटा चालत खोलीत शिरणारा. गुळगुळीत जमिनीची धास्ती घेतलेली बरीच कुत्री असंच करतात. घरात कोकणातली आजी असेल, तर उलट्या पावलांनी कोण चालतं हे ती तुम्हाला सांगेल आणि संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळेल. ओवाळू द्या. कुत्र्याला त्याचा त्रास नाही.

पायरी ३ : कारण समजून घ्या

कुत्रा तळव्यावर नाही, बोटांवर चालतो. त्याची नखं मांजरासारखी आत जात नाहीत. मातीत, वाळूत, गवतात ती रुततात आणि पकड मिळते. ही सगळी रचना माळरानासाठी झालेली आहे. मकरान्याची खाण तेव्हा उघडलेली नव्हती.

फरशीवर चालताना खरी पकड देतात त्या पंजाखालच्या खरखरीत गाद्या. पण कुत्रा घाबरला की पाय ताठ करतो, बोटं आवळतो आणि नखं रोवायला जातो. दगडात नख रुतत नाही. नखांवर भार आला की गाद्या उचलल्या जातात आणि पाय सटकतो. भरीस भर म्हणजे कुत्र्याला घाम येतो तो पंजांनाच, आणि भीतीने तो वाढतो. डॉक्टरांच्या स्टीलच्या टेबलावर दिसणारे ओले ठसे तेच. म्हणजे घाबरतो म्हणून घसरतो आणि घसरतो म्हणून घाबरतो. एकदा चारी पाय चार दिशांना गेले की त्या खोलीचं नाव त्याच्या काळ्या यादीत पक्कं होतं.

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण आपण नाचणाऱ्याला हिणवायला वापरतो. इथे अंगणच वाकडं आहे.

पायरी ४ : हे करू नये

पट्टा धरून फरफटत नेऊ नये. कुत्रा खोलीच्या पलीकडे पोहोचेल; भीती त्याच्या आधी पोहोचलेली असेल.

बिस्कीट घेऊन मागे धावू नये. पोळी पळवणाऱ्या कुत्र्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ते मातीवर धावले. मार्बलवर तूप सांडलं तर कुत्रा आणि भक्त दोघेही एकाच वेळी आडवे होतील.

रागावू नये. रागावल्यावर कुत्रा कान पाडतो, नजर चुकवतो, आणि आपण म्हणतो, ‘बघा, कळतंय त्याला.’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली हे तपासून पाहिलं. मालकाने खाऊला तोंड लावायचं नाही असं बजावून बाहेर जायचं. परतल्यावर कुत्र्याने खाल्लं की नाही हे मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खाण्यावर अवलंबून नव्हताच. मालकाच्या रागावण्यावर होता. काहीच न खाता बोलणी खाणाऱ्यांचे चेहरे तर जास्तच पडले. तेव्हा त्याला कळतंय हे खरं, पण काय कळतंय? तुमचा पारा चढलाय, एवढंच.

पायरी ५ : इतर खोड्या, थोडक्यात

बसण्याआधी गोल फिरणं : गवत दाबून, विंचूकाटा हुसकून जागा करायची पूर्वजांची सवय, असं मानलं जातं. तुमच्या सोफ्यावर विंचू नाही हे त्याला सांगून उपयोग नाही.

शी केल्यावर मागच्या पायांनी माती उडवणं : ही स्वच्छता नाही, जाहिरात आहे. पंजांतल्या ग्रंथींचा वास जमिनीवर उमटतो. महाल रोडला सकाळी फिरायला नेलंत की अशा जाहिराती वाचण्यातच अर्धा वेळ जातो.

शी करण्याआधी जागा आणि दिशा शोधत बसणं : चेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्री निरखून २०१३ साली जाहीर केलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल, तर कुत्री या कामाला उत्तर-दक्षिण बसणं पसंत करतात. या शोधाला पुढच्याच वर्षी विनोदी संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं. ज्या शहराच्या राजाने जंतरमंतर बांधून आकाश मोजलं, तिथल्या कुत्र्याने दिशा बघितली तर हसू नये.

आंघोळीनंतरची धावाधाव : ओला कुत्रा सुटला की घरभर सुसाट पळतो. आनंद, सुटका, सगळं त्यात असतं. ही धाव फरशीवर होऊ देऊ नका. आधी पंजे पुसा आणि मग गच्चीचं दार उघडा.

मे महिन्यातला विश्वासघात : पारा ४५च्या घरात गेला की जानेवारीत ज्या फरशीला तो घाबरत होता, तिच्यावरच हा पठ्ठ्या मागचे पाय पसरून पोट टेकवून दुपारभर लोळतो. यात विसंगती नाही. लोळताना कोणी घसरत नाही.

पायरी ६ : उपाय

नखं : कुत्रा सरळ उभा असताना नखं फरशीला टेकता कामा नयेत. घरभर टकटक ऐकू येत असेल तर ती वाढली आहेत. थोडी थोडी कापा. आत रक्तवाहिनी असते आणि काळ्या नखात ती दिसत नाही. हात कापत असेल तर डॉक्टरांकडून कापून घ्या. केसाळ कुत्र्याच्या गाद्यांमधले केसही छाटा. तो लोकर बांधून चालत असतो.

रस्ता : जेवणाची वाटी, झोपायची जागा आणि बाहेरचं दार यांना जोडणारी सलग वाट अंथरा. जयपुरी सतरंजी देखणी असते, पण मार्बलवर ती स्वतःच घसरते आणि मग कुत्र्याचा सतरंजीवरचाही विश्वास उडतो. खाली रबराची जाळी घाला. नव्या वर्षाच्या संकल्पासाठी आणलेली योगा मॅट घरात असेल, तर तिचं आयुष्य सार्थकी लावायची हीच वेळ.

शिकवणी : वाट पक्की झाली की दोन चटयांमध्ये एका पावलाची फट ठेवा आणि पलीकडे खाऊ टाका. त्याने ओलांडली तर कौतुक, नाही ओलांडली तर फट कमी. काही दिवसांनी दोन पावलं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. पाच मिनिटांत आवरा. पिल्लू असेल तर फारच उत्तम : साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात जे पायाखाली येतं ते पुढे परकं वाटत नाही. माती, वाळू, गवत, जाळी, ओली फरशी, सगळं खेळता खेळता दाखवा.

मोजे : खाली रबर असलेले कुत्र्यांचे मोजे मिळतात. पहिल्या दिवशी तो प्रत्येक पाय खांद्यापर्यंत उचलून चालेल. हसून घ्या, पण त्याच्या मागे जाऊन.

पायरी ७ : गंमत थांबवून डॉक्टर गाठा

वर्षानुवर्षं त्याच फरशीवर बिनधास्त चालणारा कुत्रा अचानक अडायला लागला, तर ती खोड नसते. सांधेदुखी, कंबर किंवा पाठीचं दुखणं, अधू झालेली नजर, यांपैकी काहीतरी असू शकतं. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो. रोजच्या घसरण्याने त्यावर आणखी ताण येतो. ‘म्हातारा झालाय’ हे निदान घरच्यांनी करू नये.

पायरी ८ : शेवटची, आणि कुत्र्याची नसलेली

इथवर आलात तर घरात रबराच्या जाळ्या आल्या असतील, वाट अंथरली गेली असेल आणि ‘खरा मकराना’ निम्मा झाकला गेला असेल. आता घरातल्या भिंतवादी पंथाकडे पुन्हा एकदा बघा. त्यात एक दोन पायांची व्यक्तीही सापडेल. गृहप्रवेशापासून ती सांगतेय की फरशी फार निसरडी आहे. रात्री बाथरूमला जाताना एक हात कपाटावर, एक भिंतीवर ठेवते. तिला आपण सांगितलं, ‘होईल सवय.’ कुत्र्याला मात्र आठवड्यात चटया मिळाल्या, कारण तो अडून बसला. आजी अडून बसत नाहीत. त्या पडतात, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की अंथरूण लवकर सुटत नाही.

तेव्हा बाजारात जाल तेव्हा कुत्र्याच्या मापापेक्षा चार हात जास्त जाळी आणा, आणि पहिली वाट आजींच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत घाला. घिसाईवाल्याचा नंबर मात्र फोनमधून काढून टाका.