डॉक्टरांना पेशंट मिळाला

प्रत्येक आयटी कंपनीत एक डॉक्टर असतो. औषधांशी त्याचा संबंध ॲसिडिटीच्या गोळीपुरता. तो 'डॉक', म्हणजे सॉफ्टवेअरचे दस्तऐवज, लिहितो, म्हणून डॉक्टर. हिंजवडीतले आमचे डॉक्टर खिडकीशेजारी बसतात, बाराच्या ठोक्याला डबा उघडतात आणि तेवढ्यात कोणी "डॉक्टर, हे बटण कसं वापरायचं हो?" म्हणून आलं, की घास गिळून शांतपणे सांगतात, "लिहिलंय."

कुठे लिहिलंय, ते सांगत नाहीत. तेही लिहिलंय.

उभ्या नोकरीत त्यांचं लिखाण कोणी वाचलं नाही. खात्री करून घ्यायला त्यांनी प्रत्येक डॉकच्या पोटात एक ओळ पेरायला सुरुवात केली : 'इथवर वाचत आलात तर चहा माझ्याकडून.' आजवर एक कटिंगसुद्धा खर्च झालेला नव्हता.

मग त्यांच्या गळ्यात डिझाइन टोकन पडली. टोकन म्हणजे बँकेतला पितळी बिल्ला नव्हे. ॲपमधला रंग, अक्षराचा आकार, दोन चौकटींमधली जागा यांना दिलेलं नाव. ही कल्पना दशकभरापूर्वी सेल्सफोर्सच्या डिझाइनवाल्यांकडून आली, पण डॉक्टर ती कपांवरून समजावतात. "आमची आई कपाटातल्या कपांना निळ्या फुलांचे म्हणायची नाही, पाहुण्यांचे म्हणायची. निळे फुटले, गुलाबी आणले, तरी 'पाहुण्यांचे काढ' म्हटल्यावर घरात कोणी चुकलं नाही. हेच सिमँटिक टोकन!" टोकन लिहायचं कसं, याच्या ठरावाची पहिली स्थिर आवृत्ती वेब कन्सॉर्शियमच्या एका गटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढली, तेव्हा डॉक्टरांनी पेढे वाटले. कशाचे, हे कोणी विचारलं नाही. पेढे मात्र संपले. त्या ठरावात वर्णनाचा रकाना ऐच्छिक ठेवलाय, हे त्यांच्या अजून जिव्हारी लागलेलं आहे.

एवढ्यात कोड लिहायला एआय एजंट आले. एजंट हुशार, पण त्याला 'माहीत नाही' म्हणायची लाज. पत्ता ठाऊक नसतानाही 'सरळ जाऊन डावीकडे' सांगणारे गृहस्थ असतात ना, त्या जातीचा. आमच्याकडे निळा ५०० आहे, निळा ६०० आहे. याने बिनदिक्कत निळा ५५० लावून दिला. म्हणून टोकन चाळायचं एक साधन बनवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने आणलेल्या, एजंटला साधनांशी जोडणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवरून एजंटने आधी विचारायचं, कपाटात खण कोणते. मग एक खण उघडायचा. मग एकेक टोकन बघायचं. हजारो टोकन एकदम ओतली, तर त्याचंही डोकं आपल्यासारखंच गच्च होतं. आणि कोणतं साधन कधी उचलायचं, हे तो त्या साधनाचं वर्णन वाचून ठरवतो. वर्णन कोणाचं? डॉक्टरांचं.

वाचक मिळाला! पण कसला? शब्दाला शब्द धरणारा. धोक्याच्या लाल टोकनाला डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'शक्यतो चुकीच्या सूचनेसाठीच वापरावा.' डॉक लिहायचं इंग्रजीत, पण त्यातही त्यांचा 'शक्यतो' डोकावतोच. एजंटने दिवाळी ऑफरचं अख्खं पान त्या लालात रंगवलं. का, विचारलं तर म्हणाला, दस्तऐवजात सक्ती दिसली नाही. डॉक्टर दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला सदाशिव पेठेतला फाटकमालक जागा झाला : 'फक्त चुकीच्या सूचनेसाठी. सजावटीस वापरू नये. जवळचा म्हणून दुसरा लाल बनवू नये. टोकन न सापडल्यास तसे सांगावे व थांबावे.'

आणि एजंट थांबला. पुण्यात पाटी वाचून कोणीतरी थांबलं! डॉक्टरांचे डोळे पाणावले. (ॲसिडिटीही असेल.)

तेव्हापासून त्यांच्या तोंडून 'शक्यतो', 'साधारण', 'बघून' हे शब्द गेले. घरी वहिनी म्हणाल्या, "मी जाऊन येते, आमटीत मीठ बेताने घाला." डॉक्टरांनी विचारलं, "बेताने म्हणजे किती? एकक काय?"

"लिहिलंय," म्हणून वहिनी चप्पल घालून गेल्यासुद्धा.

गेल्या सोमवारी अकरा जण त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. प्रत्येकाच्या एजंटने कामाच्या अहवालाखाली एक ओळ जोडली होती : 'दस्तऐवजानुसार आपणांस एक चहा येणे आहे.' डॉक्टरांनी चष्मा पुसला. "तुम्ही वाचलंत?"

"नाही हो, आमच्या एजंटने वाचलं."

डॉक्टर स्क्रीनकडे वळले, ओळ शोधली आणि सगळ्यांसमोर दुरुस्त केली : 'चहा वाचणाऱ्यास मिळेल. वाचून घेणाऱ्यास नाही.'